मागचा गोळा आणि शेंदराचे ठिपके

गाडी कोणाच्या हाती द्यायची हे ड्रायव्हरला ठरवू देणारा मालक मी सहा वर्षांच्या नोकरीत एकच पाहिला, आणि ती बाई होती. सौंसरच्या आसपासची सगळी खेडी त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. मी नुसतं बाई म्हणायचो. त्यांच्या काळ्या, चार दारांच्या गाडीवर मी ड्रायव्हर होतो.

हा लेख लिहावा की नाही, हे माझं अजून नक्की झालेलं नाही. मी आता कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे आणि माझं वय सव्वीस आहे. वर्गातली बाकीची मुलं सतरा-अठराची. आमच्या घरात माझ्याखेरीज चौथीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. वडील संत्र्यांची बैलगाडी हाकतात आणि सहीच्या जागी अंगठा करतात. दिवाळी अंकासाठी मी सरांना एक कविता दाखवली होती. सर मला एकट्यालाच 'तुम्ही' म्हणतात. ते म्हणाले, "ही राहू द्या. तुम्ही सहा वर्षं जे केलंत ते लिहा. ते या वर्गात दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही." म्हणून लिहितो आहे. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना वाटतं, ड्रायव्हरचं काम गाडी चालवण्याचं. चालवणं सोपं आहे. खरं काम गाडी उभी असताना असतं. रोज सकाळी रेडिएटरचं पाणी आणि इंजिनचं तेल पाहायचं, आठवड्यातून एकदा बॅटरीत शुद्ध पाणी टाकायचं. पाचशे मैल झाले की गाडीखाली झोपून पिचकारीनं ग्रीस भरायचं. इथपर्यंत ड्रायव्हरचा हात चालतो. त्याच्या पुढचं, म्हणजे इंजिनचं तेल बदलणं, ब्रेक आवळणं, गिअरपेटी, हे मिस्त्रीचं काम. आणि मिस्त्रीच्या कामाची एक अडचण अशी की ते दिसत नाही. शिंप्यानं सदरा बिघडवला तर घालताना कळतं. मिस्त्रीनं काम केलं की नुसतं बोनेट उघडून झाकलं, हे चार महिन्यांनी कळतं, तेही आडरानात.

त्यामुळे गाडी कोणाच्या हाती द्यायची, हा गाडीवाल्यांचा कायमचा प्रश्न. ज्याची त्याची रीत निराळी. लोधीखेड्याकडचे एक मालगुजार, म्हणजे आमच्याकडचे जमीनदार, होते. मालगुजारी गेली तरी मोटार राहिली होती. ते तेल कधी बदलत नसत, वरून भर टाकत. म्हणत, "विहिरीचं पाणी कोनी बदलते का?" एक कापसाचे व्यापारी होते, ते गाडी दुरुस्तीला दिली की खुर्ची टाकून समोर बसत आणि मिस्त्रीनं पाना उचलला की विचारत, "हे कायले?" शेवटी मिस्त्रीच त्यांना पाहून घरी जाऊन बसायचा.

हा मिस्त्री म्हणजे पांढुर्ण्याचा किसन मिस्त्री. कापसातली सरकी काढतात त्या जिनिंगच्या इंजिनावर शिकलेला माणूस. जिनिंग फॅक्टरीच्या भिंतीला लागून एक कडुनिंब आहे, त्याखाली त्याचं दुकान. दुकान म्हणजे आडोशाला बांबूचा एक तट्ट्या, लोखंड आवळून धरायचा एक शिकंजा आणि संत्र्यांच्या खोक्याची फळी मारून केलेले खण. जो नट ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं खणात जायचा. त्याच्या हाताखाली गाडी असली की तो बोलत नसे. काम झाल्यावरही काय केलं ते सांगत नसे. हात राखेनं घासायचा आणि म्हणायचा, "जा आता." कागद नाही, पावती नाही, यादी नाही. माझी अडचण इथेच सुरू झाली, कारण मी मॅट्रिक झालेला होतो आणि गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचत होतो.

त्या पुस्तकात मागच्या गोळ्यावर चार पानं होती. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा लोंबतो, तो बहुतेकांनी पाहिला असेल. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात. इंजिनचा जोर त्यातल्या दात्यांवरून चाकांना जातो. ते दाते घट्ट तेलात बुडालेले असावे लागतात. गोळ्याला खाली एक बूच असतं, त्यातून जुनं तेल काढायचं, आणि कडेला एक, त्यातून नवं भरायचं. इंजिनचं तेल पट्टी काढून पाहता येतं. गोळ्यातलं तेल पाहायला अशी पट्टी नसते. मग ते बदललं की नाही, हे ओळखायचं कसं?

राज्यांची पुनर्रचना झाली त्या वर्षीच्या दसऱ्याच्या आधीची ही गोष्ट. आमचा भाग कुठे जाणार आणि नागपूर कुठे, याच्याच गप्पा सगळीकडे चालल्या होत्या. बाईंचे भाऊ नागपूरहून आले होते. ते बाईंना म्हणाले, "झाडाखाली कसली गाडी दाखवतेस? नागपूरच्या वर्कशॉपात दे. बावीस कामांचं छापील कार्ड देतात, एकेका कामापुढे खूण करून." भाऊ गेल्यावर बाईंनी मला बोलावलं.

"नामदेव, गाडी तू चालवतोस. कुणाकडे द्यायची ते तू ठरव. पण हे ध्यानात ठेव की मी बाळंतपणाला निघालेली असते. वाटेत बंद पडलेली मला चालायची नाही."

माझ्यावर कोणी काही ठरवायला सोपवण्याची ती पहिलीच वेळ. मला दोन दिवस नीट जेवण गेलं नाही.

मी एक युक्ती काढली. दसऱ्याच्या पूजेसाठी जामसावळीच्या मारुतीचा शेंदूर पुडीत आणून ठेवलेला होता. त्यातला चिमूटभर तेलात कालवला आणि गोळ्याच्या दोन्ही बुचांवर असे ठिपके लावले की अर्धा ठिपका बुचावर आणि अर्धा गोळ्यावर. बूच फिरलं की ठिपका तुटणार. ठिपका शाबूत राहिला तर बूच उघडलंच नाही. ही युक्ती पुस्तकात नव्हती, माझी होती, आणि त्याचा मला फार अभिमान वाटला.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी बाई पांढुर्ण्याच्या दवाखान्यात दिवसभर होत्या. मी गाडी किसन मिस्त्रीकडे नेली. सांगितलं, "मागच्या गोळ्याचं तेल बदलून टाका जी." आणि मुद्दाम तिथे थांबलो नाही. मी समोर असलो तर कोणीही नीट काम करील, असा माझा हिशोब. संत्र्यांच्या बाजारात वडिलांची गाडी होती, तिथे जाऊन बसलो. वडील बैलगाडीच्या आखाला वंगण लावत होते. मला म्हणाले, "मोटार तिकडं सोडून इकडं कायले आला बे?"

"काम चालू आहे."

"मंग तू तिथं पाह्यजे. चाकात आपला हात गेला पाह्यजे."

मला हसू आलं. मोटारीत आणि बैलगाडीत फरक असतो, असं मी त्यांना समजावून सांगितलं.

चार वाजता परत गेलो. मिस्त्री राखेनं हात घासत होता. म्हणाला, "जा आता." मग, जे तो कधी करत नसे, दोन वाक्यं जास्त बोलला. "डाव्या चाकाकडचं तेल अडवाचं सील गळून राहिलं थोडं. महिन्याभरानं आनजो, पाहा लागन."

बाईंना घ्यायला जायच्या आधी गावाबाहेर गाडी उभी केली आणि खाली वाकलो. दोन्ही ठिपके जसेच्या तसे. लालभडक, शाबूत.

तेव्हा काय वाटलं ते खरं सांगतो. राग आला, पण त्याहून जास्त आनंद झाला, कारण माझी युक्ती चालली होती. महिन्याभरानं आण म्हणजे पुन्हा एक गिऱ्हाइकी, हेही मी लगेच जुळवलं. संध्याकाळी बाईंना सांगितलं, "मिस्त्रीनं गोळा उघडलाच नाही."

"तू स्वतः पाहिलंस?"

"हो."

शेंदराचं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं कदाचित घडलं नसतं.

पण सौंसरच्या मोटार स्टँडवर चहाच्या हॉटेलात मात्र सगळं सांगितलं. तिथे ड्रायव्हर लोकांची बैठक असायची. गणपत नावाचा बसचा ड्रायव्हर होता, आमच्यात सगळ्यात वडील. तो म्हणाला, "किसन मिस्त्री असं करन? मले नाई पटत गा."

मी म्हणालो, "गणपतभाऊ, पटण्याचा प्रश्न नाही. पुरावा आहे."

'पुरावा' हा शब्द त्या हॉटेलात त्या दिवसापर्यंत कोणी वापरला नसेल. मी शिकलेला, सगळे मला मास्तर म्हणत, म्हणून माझ्या शब्दाला वजन होतं, आणि ड्रायव्हर बोलला की मालकाच्या कानावर जायला वेळ लागत नाही. मालगुजारांची गाडी मिस्त्रीकडे जायची बंद झाली, व्यापाऱ्यांची बंद झाली, मग दोन ट्रक. मी कोणाला जाऊ नका म्हटलं नाही. नुसतं जे पाहिलं ते सांगितलं.

दिवाळीच्या सुमाराला नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं. आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो, फक्त आता आमची राजधानी भोपाळ झाली. मी गाडी घेऊन नागपूरच्या वर्कशॉपकडे निघालो तेव्हा वाटेत नवा नाका लागला. बांबू आडवा, एक टेबल, एक शिपाई. त्यानं विचारलं, "कहां जाना है?" मी म्हटलं, "नागपूर." एवढी वर्षं नागपूरला जाताना मला हे कोणी विचारलं नव्हतं. वर्कशॉपातला पांढऱ्या कोटाचा माणूस गाडीचा नंबर पाहून म्हणाला, "आता तुम्ही परप्रांतीय." सगळे हसले, मीही हसलो.

तिथे गिऱ्हाइकाला आत जाऊ देत नसत. बाहेर बाकावर बसायचं. जायच्या आधी मी ठिपके पुन्हा नीट लावून घेतले होते. सीलाचं मी काही बोललो नाही, कारण ते खोटं आहे असं मी ठरवून टाकलं होतं. दुपारी गाडी बाहेर आली ती धुऊन चकाचक. बावीस कामांचं कार्ड, बावीस खुणा. खाली वाकून पाहिलं, तर दोन्ही ठिपके नाहीसे. माझं समाधान झालं. येताना नाक्यावरच्या शिपायालासुद्धा मी रामराम केला.

संक्रांतीच्या पुढे गाडी मागून बारीक आवाज करू लागली. कुईं, असा. आधी वाटलं टायर असेल. मग वाटलं रस्ता. कार्डावर गोळ्यापुढे खूण होती, म्हणून गोळ्याचा विचार मी केला नाही. आता लिहायला लाज वाटते, पण माझ्याजवळ पाना होता. कडेचं बूच उघडून आत बोट घातलं असतं तर तेल आहे की नाही ते दोन मिनिटांत कळलं असतं.

एका सकाळी पांढुर्ण्याच्या अलीकडच्या एका खेड्यातून माणूस धावत आला. पहिलटकरीण होती, दोन दिवसांपासून अडलेली. बाई पिशवी घेऊन बसल्या. मोहगाव मागे टाकलं, आणि खेडं दीड कोस राहिलं असताना मागून कडकड असा आवाज झाला. गाडी जागेवर थांबली. इंजिन चालू, चाक फिरेना.

बाईंनी मला एकच विचारलं. "चालेल?"

"नाही."

त्या उतरल्या. संत्र्याच्या बागेकडून एक बैलगाडी येत होती, तिला हात केला. पिशवी मांडीवर घेऊन, पाय लोंबते सोडून बाई तिच्यात बसल्या. जाताना मागे पाहिलं नाही. मी त्या रस्त्यावर उभा राहून काय काय विचार केले ते इथे लिहीत नाही. पुढे कळलं ते एवढंच की बाळ आणि आई दोघं वाचली. पण बाई म्हणाल्या, अजून अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं.

दुपारी दोन बैलजोड्या लावून मोटार पांढुर्ण्याला ओढत नेली. बाईही बाळंतपण आटोपून तिकडेच आल्या होत्या. मागचा गोळा उघडणारा माणूस त्या गावात एकच होता. कडुनिंबाखाली गेलो तर तट्ट्या नव्हता, शिकंजाही नव्हता. जमिनीवर तेलाचा काळा डाग तेवढा होता. फॅक्टरीतल्या एका माणसाला विचारलं. तो म्हणाला, "मिस्त्री? थे आतमंदी हायेत. मशिनीले तेल देऊन राहिले. दुकान नाई चालत होतं म्हने."

किसन मिस्त्री बाहेर आला. अंगावर कापसाचे तंतू. मला पाहिलं आणि गाडीखाली शिरला. खालचं बूच उघडलं. तेल आलं नाही. थोडा काळा चिखल आला आणि त्यात लोखंडाचे चमकते कण. मग त्यानं बुचाखालचा चामड्याचा वायसर, म्हणजे भोकाची चकती, नखानं काढून मला दाखवला.

"हा माह्या हातचा हाये. जुन्या चपलेचा कापला होता, दसऱ्याच्या टायमाले. पाह्य, टाका दिसून राहिला. याच्यानंतर हे बूच कोनीच नाई उघडलं."

"पण दसऱ्याला तुम्ही उघडलं नव्हतं," मी म्हणालो. "ठिपके शाबूत होते."

"कोनते ठिपके?"

"शेंदराचे."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. "हां, थे. आता कसं करू सांग. मारुतीचा शेंदूर, त्याच्यावर पाना कसा लावू? आधी पाया पडलो. मंग फडक्यानं पुसून घेतला, काम केलं, आन् घरून शेंदूर आनून जिथल्या तिथं लावून देल्ला. म्हटलं बाईचा काई नवस असन. मले वाटलं बी, गाडीच्या बुडाले शेंदूर कायले? मंग म्हटलं, मारुतीच खालून गाडी उचलून धरून राहिला असन." तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायचा थांबला. "तू लावला होता? मले पारखाले?"

मी मान हलवली.

"इचारलं असतं तं सांगतलं असतं ना, राजा."

बाई बाजूला उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, "नामदेव, पेशंटनं औषध घेतलं की नाही हे मी त्याच्या कपाळावरच्या कुंकवावरून ठरवत नाही."

नागपूरच्या वर्कशॉपात ठिपके कसे पुसले गेले, हेही तेव्हाच उलगडलं. गाडीचं पोट नळीच्या जोरदार पाण्यानं धुतलं होतं, एवढंच. सील गळत राहिलं, तेल संपत गेलं, आणि मिस्त्रीनं सांगितलेला महिना मी जाऊ दिला होता.

नवे दाते आणायला पंधरा दिवस लागले. मिस्त्रीनं रविवारी सुट्टीच्या दिवशी येऊन ते बसवले. दरम्यान मी स्टँडवरच्या त्या चहाच्या हॉटेलात गेलो आणि सगळे असताना उभा राहून सांगितलं की मिस्त्रीचं काही चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं, आणि कसं चुकलं. गणपत चहा फुंकत ऐकत होता.

"म्हन्जे मास्तर, पुरावा मारुतीनं पुसला का मिस्त्रीनं?"

खूप हसले. त्या दिवसापासून स्टँडवर माझं नाव शेंदऱ्या पडलं. ते मी चालवून घेतलं. पण ज्या वेगानं पहिली गोष्ट पसरली होती, त्या वेगानं दुसरी पसरली नाही. एक ट्रकवाला परत जायला तयार झाला. मालगुजार म्हणाले, "आता दुसरा मिस्त्री लावला, कायले बदलायचा?" शिकंजा मिस्त्रीनं विकून टाकला होता. बाईंनी नवा घेऊन देते म्हटलं, त्यानं नको म्हटलं. फॅक्टरीत महिन्याचं काम होतं, घरच्यांना ते बरं वाटत होतं. कडुनिंबाखाली दुकान पुन्हा लागलं नाही. रविवारी मात्र तो बाईंची गाडी पाहायचा, आणि त्या एका गाडीवर मी पुढे नोकरी सोडेपर्यंत त्याच्याशिवाय कोणाचा पाना लागला नाही. माझ्या एका युक्तीनं पाच गाड्यांचा मिस्त्री एका गाडीचा झाला, हे मी इथे लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे ते कुठे लिहिलेलं नाही.

यंदा कॉलेजात जायचं ठरलं तेव्हा बाईच म्हणाल्या, "जा. ड्रायव्हर मिळेल." शेवटच्या रविवारी मी गाडी घेऊन मिस्त्रीच्या घरी गेलो. त्यानं गोळ्याचं तेल बदललं. काम झाल्यावर कडेचं बूच हातात धरून मला हाक मारली.

"ये, पाह्य."

"राहू द्या मिस्त्री. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे."

तो चिडला. सहा वर्षांत मी त्याला चिडलेलं पाहिलं नव्हतं. "इश्वास नको ठेवू. तवा मोडला तोबी न पाहता, आता ठेवून राहिला तोबी न पाहता. घाल बोट."

मी झोपून गाडीखाली सरकलो आणि त्या भोकात बोट घातलं. पहिल्या पेरापर्यंत तेल लागलं. गार, घट्ट.

"लागलं?"

"लागलं."

मग त्यानं बूच आवळलं, राखेनं हात घासले आणि म्हणाला, "जा आता."

त्या तेलाचा वास साबणानं जात नाही आणि डागही जात नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या अर्जावर खाली वडिलांनी अंगठा केला, आणि वर माझ्या नावाशेजारी माझ्या बोटाचा पिवळट डाग उमटला. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उजेडात धरला. "हे काय आहे?"

मी सांगितलं, "गोळ्यातलं तेल."

त्यानं तो तसाच घेतला.